अण्णा, चहा प्या पण आकडा सांगू नका

ती. आई आणि अण्णा, साष्टांग नमस्कार.

परवा काकांची बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी कार घ्यायचं फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई म्हणली तुला वेड लागलंय का, आणि अण्णांनी तिच्या हातातून फोन घेऊन म्हणलं की रविवारी वाड्यावर जाऊ अन् काकांना शब्द देऊन टाकू. खरं सांगू का, आईच्या बोलण्यापेक्षा मला अण्णांचीच जास्त भीती वाटली. म्हणून सगळं लिहून काढायलेय, म्हणजे आईला पण वाचता येईल, तिला वाटतंय मी अडीच लाख उधळायला निघालेय.

तर अडीच लाख. हा आकडा काकांचा नाहीच मुळात, त्यांच्या पुतण्याचा आहे. त्याने मोबाईलवर कुठली तरी जाहिरात बघितली, चकाचक पद्मिनी, बॉनेटमध्ये तोंड दिसेल अशी, चार लाख किंमत लिहिलेली, आणि त्यावरून ठरवलं की आपली बंद आहे तर अडीच तरी येतील. पण ते चार लाख कुणीतरी मागितलेले आहेत, कुणी दिले का नाही ते जाहिरातीत कुठं असतंय. मी सांभाळून ठेवलेल्या, चालू, कागद क्लिअर अशा पद्मिन्यांच्या मालकांशी बोलले, पुण्यात सौदा सव्वातीनच्या आसपास होतो असं दिसतंय. आणि काकांची गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत चारी टायर बसलेल्या अवस्थेत उभी आहे, टपावर कडब्याच्या पेंढ्या आहेत, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार आहे.

अण्णा, तुम्ही म्हणता ही आता मिळत नाही. तसं नाही. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ही बनायची, वालचंद हिराचंद यांनी 1944 ला काढलेली कंपनी, मूळ डिझाईन इटलीच्या फियाट 1100 चं. थेट 2000 सालाच्या आसपासपर्यंत निघत होती. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर हजारोंनी पळाल्या, शेवटची टॅक्सी 2003 ला रजिस्टर झाली आणि 20 वर्षांची मुदत संपली म्हणून ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. दुर्मिळ वगैरे म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. उलट भरपूर होत्या म्हणूनच मी ही घ्यायचं म्हणायलेय, कारण इंजिनचं सामान अजून मिळतं. एखादी खरंच दुर्मिळ गाडी असती तर नुसती मागच्या लाईटची काच शोधण्यात जन्म गेला असता.

आता माझा हिशोब. मी खालून वर गेले नाही, वरून खाली आले. गाडी पूर्ण तयार झाल्यावर तिची किंमत सव्वातीन लाख धरली. त्यातून काम वजा करायचं. टिनकाम म्हणजे पत्र्याचं काम आणि पेंटिंग, त्याचे इथल्या मिस्त्रीने फोटो बघून एक लाख दहा सांगितले, तेही खालचा पत्रा बघितल्यावर वाढेल हे त्यानेच सांगून टाकलं. इंजिनचं नुसतं हाफ, म्हणजे अर्धं काम करून भागणार नाही, क्रँक ग्राइंडिंग, बोअर-पिस्टन, हेड, रेडिएटर, गिअरबॉक्सचे सील धरून पंचावन्न हजार. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत, इतकी वर्षं उभी म्हणजे सिलिंडर सगळे जाम असणार, त्यात पाटे आणि पुढचं सस्पेन्शन मिळून पंचवीस. वायरिंग उंदरांनी खाल्लंच असणार म्हणून नवीन, डायनॅमो, बॅटरी अठरा. पाच टायर-ट्यूब सतरा. सीट, टपाची लायनिंग, मॅट पंचवीस. काचांचे रबर, क्रोम, बारीकसारीक मोल्डिंग तीस. झाले दोन लाख ऐंशी. टेम्पोत घालून इथं आणायचे आणि कागदपत्राचे वीस. तीन लाख.

म्हणजे उरले किती? पंचवीस हजार. आणि यात अजून अचानक निघणारा खर्च धरलेलाच नाही, त्याचे मी साठ हजार वेगळे ठेवलेत, कारण जुन्या गाडीत तो निघत नाही असं होत नाही. म्हणजे नुसत्या हिशोबाने बघितलं तर काकांनीच मला वर पैसे द्यायला पाहिजेत! पण तसं तर कुणी देत नाही, त्यामुळे खालचा आकडा भंगाराचा धरायचा. गाडीचं वजन साधारण नऊशे किलो, किलोला पंचवीस-तीस रुपये पकडले तर बावीस ते सत्तावीस हजार. भंगारवाला तेवढे देईल, जालन्याला सळईच्या कारखान्यात नेऊन वितळवतील, विषय संपला. काका त्याच्यापेक्षा कमीत देणार नाहीत आणि देऊ पण नये. माझा पहिला आकडा पस्तीस हजार, शेवटचा साठ. साठच्या वर एक रुपया नाही.

आता पत्र्याचं बोलते कारण सगळा खेळ तिथं आहे. जीपला कसा खाली वेगळा चेसीस असतो, बॉडी कुजली तरी सांगाडा राहतो. पद्मिनीला तसा चेसीस नाही, बॉडी हाच सांगाडा. दरवाज्याखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ, डिक्कीतली स्टेपनीची जागा कुजली असली की गाडी घ्यायचीच नाही, कितीत पण देऊ देत. आपल्याकडची कोरडी हवा एक फायद्याची, मुंबईची गाडी खाऱ्या हवेने खालून खलास झालेली असते, परभणीकडची त्या मानाने बरी निघते, फक्त उन्हाने रबर आणि डॅशबोर्ड तडकलेले असतात. पण पडवी गोठ्याला लागून आहे, गोमूत्राचा ओलावा कुठवर गेलाय देव जाणे. अण्णा, तुम्ही शनिवारी तिकडून जाणारच आहात तर एवढं करा: लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्यांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या वरच्या गोलाईवर फिरवा. जिथं चिकटणार नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळावर ठोका. टणटण वाजला तर बरं, भदभद आवाज आला तर मला तिथूनच फोन करा. आणि इंजिन चालू करून बघू म्हणून पुतण्या बॅटरी लावायला निघाला तर करू देऊ नका, इतक्या वर्षांचं कोरडं इंजिन एकदम फिरवलं तर पिस्टनच्या रिंगा जातात. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून ठेवा, रविवारी मी आल्यावर टायरमध्ये हवा भरून टॉप गिअरला टाकून ढकलून बघू. फिरलं तर पंचावन्न हजारातले थोडे वाचतील, नाही फिरलं तर माझा शेवटचा आकडा साठवरून पंचेचाळीसवर येतो.

कागदाचं तर वेगळंच. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक, काकांच्या वडिलांच्या नावावर आहे ना, ते जाऊन किती वर्षं झाली. काका गाडीचे एकटे मालक नाहीत, त्यांचे भाऊ आणि पुण्याच्या आत्या पण वारस आहेत. आधी मृत्यूच्या दाखल्यासह फॉर्म 31 भरून गाडी काकांच्या नावावर, त्याला बाकीच्या वारसांची संमती, मग विक्रीच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन माझ्या नावावर. हे काकांनी करून द्यायचं, मी नाही. रजिस्ट्रेशन 15 वर्षांनंतर रिन्यू केलेलंच नाही असं पुतण्या म्हणायलाय, म्हणजे 20 वर्षांवरच्या कारची नवी फी दहा हजार, उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याचे पाचशे, वरून पर्यावरण कर. ते एकूण किती होतात हे परभणीच्या आरटीओत विचारल्याशिवाय कुणी कुणाला काही द्यायचं नाही, कारण ती रक्कम गाडीसाठीच्या माझ्या शेवटच्या साठ हजारातून वजा होणार आहे. व्हिंटेजमध्ये पण करता येते, 50 वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या नियमाने वेगळी नोंदणी मिळते, वीस हजार फी, नंबरमध्ये व्हीए येतं. पण ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच. मला आईला घेऊन औंढ्याला जायचंय, शोकेसमध्ये नाही ठेवायची. कागद होतच नसतील तर ती गाडी नाही, सामान आहे, आणि सामानाचा भाव भंगाराचा.

पेट्रोलचा पण एक खर्च आहे, कुणी सांगत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं येतं, जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा त्याने खराब होतात, ते सगळं बदलूनच गाडी चालू करावी लागेल. आपल्याच उसाचं इथेनॉल आणि आपल्यालाच ताप, काय बोलायचं.

आता अण्णा, तुमचं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून तुम्ही भल्याभल्यांना रडवलंय, बैलाचे दात बघितल्याशिवाय खिशाला हात नाही लावला कधी. पण ओळखीतलं कुणी असलं की तुमचं सगळं कसब जातं. काकांनी ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या की तुम्ही म्हणणार "घरचंच आहे, काय घासाघीस करायची". मला माहितीय काकांनी तुमच्या अडचणीत मदत केलेली. ते उपकार गाडीच्या किमतीत फेडायचे नाहीत, त्यांच्या नातीच्या लग्नात आपण काय करायचं ते करू, मी पण भर घालेन. तिथं चहा प्या, जेवा, पाऊसपाण्याचं बोला. किमतीचं निघालं की म्हणा, पोरगीची गाडी आहे, तिलाच विचारा. इसार तर अजिबात देऊन येऊ नका, पाचशे पण नाही. काकांना वाईट वाटू नये म्हणून मी हाच हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवणार आहे, त्यांना पटला नाही तर गाडी त्यांच्याकडेच राहू दे, बोलणं बंद होणार नाही.

आई, आता तुझं राहिलं. तू विचारलंस फायदा काय. फायदा नाही. साठला घेतली तर सगळं मिळून चार लाख वीसपर्यंत जाईल आणि वस्तू सव्वातीनची असेल. मधले पंच्याण्णव हजार ही माझी हौस, ती मी वहीत हौस म्हणूनच लिहिलीय, गुंतवणूक म्हणून नाही. दीड-दोन वर्षात पगारातून टप्प्याटप्प्याने जातील, कर्ज काढणार नाही, एफडी मोडणार नाही, तू माझ्या नावाने ठेवलेल्या सोन्याला हात लावणार नाही. आधी टिनकाम, तिथंच पैसे संपले तर गाडी उभी राहील, घाई नाही. आणि लोक काय म्हणतील याचं सोड, दादाने चार लाखाची बुलेट घेतली तेव्हा पेढे वाटलेस की.

शनिवारी आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. इंजिन नंबर आणि चेसीस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, नुसता वाचून लिहू नका, गंजात तीनचा आठ दिसतो. पुस्तकातल्या नंबराशी जुळला नाही तर मी रविवारी येतच नाही, बसचं तिकीट वाचेल. लोहचुंबक देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या स्पीकरमधून काढलेलं.

तुमची,
बबी