काकडी कधी लावायची, तुझ्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर

कुडाळ, 20 जानेवारी 2026

काय रे मित्रा,

तुझा मेसेज बघितला, फोटोपण बघितला, नुसती ओली माती आणि त्यात खोचलेली आईस्क्रीमची काडी. नाशिकला भर जानेवारीत काकडीचं बी उघड्यावर लावलंस आणि आता विचारतोस की बी खराब होतं का म्हणून! बी चांगलंच असणार रे, पण तुमच्याकडे रात्री दहा डिग्री थंडी, शेजारी निफाडला तर त्याहून खाली जातं, त्यात बिचारं बी काय करणार. जमीन पंधरा-सोळा डिग्रीच्या खाली असली की काकडी उगवायचं नावच घेत नाही, तशीच पडून राहते आणि वर तू हौसेने रोज पाणी घालणार, मग कुजते. तेच पंचवीस-तीस डिग्री असू दे, चार-पाच दिवसांत दोन पानं वर.

त्यामुळे तारीख बघू नकोस. संक्रांत झाली म्हणजे थंडी गेली असं पुस्तकात असतं, नाशकात नाही. पहाटे अंगणात अनवाणी उभा राहा, पाय गारठत नाहीत असं सलग आठवडाभर झालं की लाव. तुझ्याकडे साधारण फेब्रुवारीचा मध्य धर. पण मग आळस करून मार्चअखेर गाठू नकोस हां, कारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी काकडी धरायला लागते आणि तेव्हा तुमच्याकडे चाळीस डिग्रीचं ऊन असतं, त्या उन्हात आणि मोठ्या दिवसात वेलावर नर फुलंच जास्त येतात, पाण्याची ओढ बसली की आहे ती काकडीपण कडू. (आई देठ कापून घासत बसायची ना, ते फेस येईपर्यंत. देठाकडे कडूपणा जास्त असतो हे खरंय, घासून किती जातो देव जाणे.)

बी रात्रभर भिजत घाल, आळं करून त्यात शेणखत मिसळ आणि दोन-तीन बिया अर्धा पेर खोल टाक, नंतर जोमदार रोप ठेवून बाकीची काढ. आणि प्लीज, कुंडीत रोप करून मग उपटून जमिनीत लावू नकोस, काकडीला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत. फारच घाई असेल तर कागदी कपात घरात उगवून कपासकट लाव. फळं छोटी नि पांढरट हवी असतील तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी ही जात घे. सुरुवातीला नुसती फुलं गळतील तर लगेच मला फोन करू नकोस, ती नर फुलं. मागे इवलीशी काकडी चिकटलेलं फूल दिसलं की ते मादी. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळीच नर फूल तोडून मादी फुलावर फिरव, झालं काम.

आता आमच्याकडचं. आम्ही उन्हाळी काकडीच्या भानगडीत फार पडत नाही, आमचं खरं पीक म्हणजे पावसाळी तवसं, म्हणजे मोठी काकडी, मांडवावर चढवलेलं, हातभर लांब. ते मृगाच्या पावसात टाकतात कारण चतुर्थीला माटवीला (गणपतीच्या वर बांधतात ती लाकडी चौकट) तवसं टांगायचं असतं, शिवाय धोंडास, म्हणजे तवशाचा गोड केक, करायचा असतो. पण यंदा अधिक ज्येष्ठ आहे, गणपती थेट 14 सप्टेंबरला! मृगात टाकलं तर ऑगस्टमध्येच पिवळं होऊन बसेल. तवशाला अडीच महिने धरले तर यंदा आर्द्रा लागल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात टाकायला हवं. शेजारचे काका ऐकायला तयार नाहीत, म्हणतात मृग म्हणजे मृग. मी दोन्ही वेळा टाकणार, अर्धं बी मृगात अर्धं आर्द्रात, म्हणजे भांडणच नको.

तूपण जूनला तवसं लाव ना, तुमच्याकडे पाऊस आमच्याइतका नाही त्यामुळे केवडा रोगाचा (पानांवर पिवळे डाग पडतात तो) त्रास कमी होईल असं वाटतं, फक्त फळमाशीचा सापळा फळं धरायच्या आधीच टांग, नंतर टांगून काही होत नाही, आतून अळ्या झालेल्या असतात.

माझ्याकडे गेल्या वर्षीच्या तवशाचं बी राखेत घोळून ठेवलंय. नवीन घराचा पत्ता पिनकोडसकट पाठव, पोस्टाने टाकतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कुडाळकर