विषय : स्पार्स जेकोबियन आणि हेसियन आतून डेन्स करून साठवण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक साहाय्य विभाग

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

तुमच्या नॉनलिनियर ऑप्टिमायझेशन सॉल्व्हरचं वार्षिक लायसन्स आमच्या गटाने घेतलं, कारण तो मोठ्या, स्पार्स (ज्यांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक नोंदी शून्य असतात अशा) प्रश्नांसाठीच बनवलाय असं तुमचं माहितीपत्रक सांगतं. प्रत्यक्षात तो स्पार्स मॅट्रिक्स फक्त दारात स्वीकारतो. आत गेल्यावर तिच्यातली सगळी शून्यं भरून तिची डेन्स मॅट्रिक्स करतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार. आम्ही तिकीट उघडलं तेव्हा रॅम वाढवण्याचा सल्ला मिळाला आणि पुढे ‘अपेक्षित वर्तन’ असा शेरा मारून ते बंद झालं. म्हणून हे पत्र. ते मदतकक्षाने परत पाठवू नये, सॉल्व्हरचा कोड लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवावं, ही विनंती.

आमचा प्रश्न ऑप्टिमल कंट्रोलचा, कालावधीचे तुकडे पाडून मांडलेला. दर टप्प्याला 4 स्टेट (प्रणालीची स्थिती) आणि 2 कंट्रोल (तिला दिलेली नियंत्रणं), म्हणजे 6 व्हेरिएबल. टप्पे 8,000, म्हणून एकूण व्हेरिएबल 48,000. ट्रॅपेझॉइडल नियमाने लागोपाठच्या दोन टप्प्यांना जोडणारी समीकरणं 31,996. त्यातल्या प्रत्येक समीकरणाचा संबंध आपल्या आणि पुढच्या टप्प्याशीच येतो. म्हणजे जेकोबियनच्या (समीकरणांच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सच्या) प्रत्येक ओळीत 12 नोंदी, बाकी सगळी शून्यं. एकूण शून्येतर नोंदी 3,83,952. सीएसआर (फक्त शून्येतर नोंदी ओळीवार साठवण्याच्या) पद्धतीने मूल्यं, स्तंभांचे क्रमांक आणि ओळींचे पॉइंटर हे तिन्ही ॲरे धरले तरी हा ऐवज 5 एमबीच्या आत बसतो. सॉल्व्हर सुरू झाला की मेमरी मात्र 12 जीबीच्या वर उडी मारते. 31,996 गुणिले 48,000 गुणिले 8 बाइट केलं की 12.3 जीबी येतात. उडी नेमकी तेवढीच आहे, तेव्हा आत काय चाललंय हे वेगळं विचारायला नको.

हेसियनचं, म्हणजे दुसऱ्या क्रमाच्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सचं, दुखणं याहून मोठं. आमच्या मांडणीत लग्रांजियनचं (उद्दिष्ट आणि समीकरणं एकत्र बांधणाऱ्या फंक्शनचं) हेसियन टप्प्याटप्प्याच्या 6×6 ठोकळ्यांचं आहे आणि ते सिमेट्रिक असल्यामुळे खालचा त्रिकोण पुरतो. टप्प्यामागे 21 नोंदी, एकूण 1,68,000. ओळ, स्तंभ आणि मूल्य अशी त्रिकुटं करून ठेवली तरी 2.7 एमबी. तुमचा सॉल्व्हर इथे चालतच नाही. पुढचा संदेश देऊन बंद पडतो :

‘मेमरी मिळाली नाही : मागितलेल्या नोंदी −1990967296’

उणे नोंदी! या आकड्यात 2 चा 32 वा घात, म्हणजे 4294967296, मिळवून पाहा. उत्तर येतं 2304000000, आणि तो 48,000 चा वर्ग आहे. म्हणजे तुम्ही पूर्ण चौकोनी हेसियनसाठी जागा मागताय आणि तो गुणाकार 32 बिटांच्या पूर्णांकात करताय, ज्याची कमाल मर्यादा 2147483647 आहे. आम्ही टप्पे कमी करत गेलो. 7,723 टप्प्यांना, म्हणजे 46,338 व्हेरिएबलांना, सॉल्व्हर हेसियनसाठी 17 जीबी गिळून का होईना, पण चालतो. 7,724 टप्प्यांना कोसळतो. 46,340 चा वर्ग त्या मर्यादेत बसतो आणि 46,341 चा बसत नाही, घोडं नेमकं इथेच पेंड खातं. तुमच्या साहाय्यकांनी सुचवल्याप्रमाणे रॅम कितीही वाढवली तरी हा गुणाकार उणेच येणार आहे. पूर्णांक 64 बिटांचा केलात तर संदेश जाईल, पण मग 2.7 एमबीच्या ऐवजासाठी सॉल्व्हर 18 जीबी मागेल. आम्हाला हा उपाय नको आहे. तुमच्याकडून तो सुचवला जाईल याची दाट शक्यता वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

इथवरची तक्रार जागेची झाली. पण या साठवणीमुळे उत्तरंही चुकतात आणि ते सर्वांत गंभीर आहे. लिनियर सॉल्व्हरकडे जाताना तुम्ही ती डेन्स मॅट्रिक्स पुन्हा स्पार्स करता. कोणती नोंद ठेवायची हे ठरवताना आम्ही दिलेला पॅटर्न (शून्येतर नोंदी कुठे येऊ शकतात त्या जागांची यादी) बघत नाही, तर सुरुवातीच्या बिंदूवर ज्यांचं मूल्य शून्य नाही तेवढ्याच नोंदी उचलता. रचनेमुळे कायम शून्य असणारी नोंद वेगळी आणि एखाद्या बिंदूवर योगायोगाने शून्य झालेली नोंद वेगळी. हा फरक स्पार्स मॅट्रिक्सवर काम करणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या एका स्टेटच्या समीकरणात दोन कंट्रोल फक्त गुणाकाराच्या रूपात येतात. दोन्ही शून्य धरून सुरुवात केली की एकाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह म्हणजे दुसऱ्याचं मूल्य, तेही शून्य. तुमचा सॉल्व्हर ती जागा कायमची पुसून टाकतो. पुढे कंट्रोल शून्यापासून हलले, डेरिव्हेटिव्ह शून्य राहिलं नाही, तरी ते मूल्य ठेवायला जागाच उरलेली नसते.

सोबत 100 टप्प्यांचं छोटं मॉडेल जोडलं आहे. त्यात 396 समीकरणं, प्रत्येकी 12 नोंदी, म्हणजे आम्ही दिलेल्या पॅटर्नमध्ये 4,752 जागा. तुमच्या लॉगमध्ये जेकोबियनच्या शून्येतर नोंदी 4,356 दिसतात. फरक 396 चा. गुणाकार असलेली समीकरणं 99 आणि प्रत्येकात गेलेल्या नोंदी 4, हिशोब चोख जुळतो. हेच मॉडेल दोन्ही कंट्रोल शून्याऐवजी 0.001 धरून चालवलं की लॉगमध्ये 4,752 येतात आणि उत्तर बदलतं. दोन्ही वेळा शेवटी ‘इष्टतम उत्तर सापडलं’ हीच ओळ छापली जाते. कोसळणारा सॉल्व्हर परवडला, निदान तो गप्प तरी बसत नाही.

फायनाइट डिफरन्सचा, म्हणजे व्हेरिएबल किंचित हलवून डेरिव्हेटिव्ह अंदाजे काढण्याचा, पर्यायही डेन्स साठवण गृहीत धरूनच लिहिलेला दिसतो. डेरिव्हेटिव्हचा कोड तयार होईपर्यंत मॉडेल तपासायला आम्ही तो वापरतो. दर जेकोबियनला फंक्शनची मोजणी 48,000 ने पुढे सरकते, म्हणजे एकेक व्हेरिएबल सुटं हलवलं जातंय. ज्या स्तंभांची एकही ओळ सामाईक नाही ते एकदम हलवता येतात, हे कर्टिस, पॉवेल आणि रीड यांनी 1974 मध्येच दाखवलं आहे. कोलमन आणि मोरे यांनी 1983 मध्ये त्याची ग्राफ रंगवण्याच्या प्रश्नाशी सांगड घातली. आमच्या मॅट्रिक्समध्ये एकाआड एक टप्प्यांचे स्तंभ कुठल्याच ओळीत भेटत नाहीत, त्यामुळे 12 गट पुरतात. मूळ बिंदूवरचं एक धरून 13 वेळा फंक्शन काढलं की काम झालं. टप्पे 8,000 असोत की 80,000, हा आकडा बदलत नाही. पण गट पाडायला पॅटर्न लागतो आणि तोच तुम्ही दारात टाकून देता.

तिकीट बंद करताना तुमच्या साहाय्यकाने हेसियन सोडून लिमिटेड मेमरी बीएफजीएस (हेसियनचा फक्त अंदाज बांधणारी पद्धत) वापरून पाहायला सांगितलं. ज्यांच्याकडे दुसऱ्या क्रमाचे डेरिव्हेटिव्ह नसतात त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे, त्याला नाव ठेवत नाही. आमच्याकडे ते अचूक आहेत, स्पार्स आहेत आणि उत्तराजवळ पोचल्यावर न्यूटन पद्धतीचा जो वेग मिळतो त्यासाठीच आम्ही ते लिहिले. शिवाय हेसियन टाळलं तरी जेकोबियनचे 12.3 जीबी कुठे जात नाहीत.

यात नवं संशोधन काही लागत नाही. खुल्या स्रोताचा इपॉप्ट हा सॉल्व्हर ओळी आणि स्तंभांचे क्रमांक सुरुवातीला एकदाच विचारतो आणि नंतर दर वेळी त्याच क्रमाने फक्त मूल्यं मागतो. हेसियनचा एकच त्रिकोण घेतो. तुमच्या मॅन्युअलमधलं फंक्शनही अगदी असंच दिसतं, म्हणून तर आम्ही फसलो.

आमची मागणी अशी. वापरकर्त्याने दिलेला पॅटर्न पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच वापरावा, मूल्य शून्य आहे म्हणून एकही जागा गाळू नये आणि मधला डेन्स टप्पा काढून टाकावा. हे कोणत्या आवृत्तीत होणार ते लेखी कळवावं. तोवर मॅन्युअलमध्ये आणि माहितीपत्रकात डेन्स साठवणीचा आणि 46,340 व्हेरिएबलांच्या मर्यादेचा स्पष्ट उल्लेख करावा. नोंदी गळण्याच्या दोषाची सूचना मात्र सगळ्या लायसन्सधारकांना ताबडतोब पाठवावी. शून्यापासून सुरुवात करून मिळालेल्या उत्तरांवर कुणी काय काय उभं केलं असेल, ते तुम्हाला किंवा आम्हाला ठाऊक नाही. दुरुस्ती याच लायसन्सच्या मुदतीत होणार नसेल, तर उरलेल्या काळाचं शुल्क परत मिळावं.

लहान मॉडेल, दोन्ही सुरुवातींचे लॉग आणि 7,723 व 7,724 टप्प्यांच्या इनपुट फाइल्स सोबत आहेत. बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडून त्यातच उत्तर द्यावं.

कळावे,
आपला,
एक लायसन्सधारक ग्राहक