घर त्यांचं, नियम त्यांचे?

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परदेशात जाऊन राहणाऱ्यांबद्दल परवा फोनवर बाबा म्हणाले, "घर त्यांचं, नियमही त्यांचे. राहायचं तर पाळायचे, नाहीतर परत यायचं." मी गप्प राहिले, कारण फोनवर दोन वाक्यांत संपणारं हे बोलणं नव्हतं. परक्या देशात गेलेली माणसं तिथली कधी होतात, आणि कोणाला तिथलं होऊच दिलं जात नाही, हाच तर माझ्या अभ्यासाचा विषय. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. आपल्याकडे कोणी यावं हे प्रत्येक देश ठरवतो, आणि नव्याने आलेल्याने तिथले कायदे पाळायलाच हवेत. पण घरी आलेला पाहुणा चार दिवसांनी निघतो. जो तीस वर्षं त्याच घरात राबला, ज्याची मुलं तिथेच जन्मली, त्याला पाहुणाच म्हणत राहायचं का?

जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. ते काही वर्षं कारखान्यांत राबतील आणि परत जातील, असा हिशेब होता. 1973 मध्ये भरती थांबली, तरी पुष्कळ जण तिथेच राहिले, त्यांनी कुटुंबं आणली, संसार वाढले. नागरिकत्वाचा कायदा मात्र 1913 चा होता आणि तो रक्ताचं नातं बघायचा. त्यामुळे बर्लिनमध्ये जन्मून तिथल्याच शाळेत शिकलेलं तुर्की मूल परदेशी ठरायचं. उलट, ज्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी रशियात जाऊन वसले होते, अशा जर्मन वंशाच्या माणसाला परत आल्यावर नागरिकत्व मिळायचं. त्यांतल्या अनेकांना जर्मन जेमतेम यायची. 2000 सालापासून हे बदलू लागलं: आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहत असतील, तर तिथे जन्मलेलं मूल जर्मन. मूळ देशाचं नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची सरसकट मुभा मिळायला तर 2024 उजाडलं. करार करून बोलावलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर हे जग सोडून गेले होते.

तुम्ही म्हणाल, कायदा उशिरा का होईना, सुधारला. खरं आहे, आणि मला त्याचा आनंदही आहे. पण 'नियम' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सगळ्यांना सारखी लागू होणारी गोष्ट येते. नागरिकत्वाचे नियम बऱ्याचदा तसे नव्हते. माणूस कसा वागतो याआधी तो कोणत्या वंशाचा आहे हे त्यांनी विचारलं.

अमेरिकेतली गोष्ट सांगते. बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांनाच तिथे नागरिक होता येई. पुढे आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. 1922 मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्यांनी तिथे वीस वर्षं काढली होती, घरात मुलं इंग्रजी बोलत. न्यायालय म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही तसे नाही. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. थिंद पंजाबातले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्या काळचं वंशशास्त्र युरोपीयांबरोबर उत्तर भारतीयांनाही कॉकेशियन गटात धरायचं, म्हणून त्यांचा युक्तिवाद सरळ होता: वंशशास्त्रानुसार मी कॉकेशियनच आहे. त्यावर, ओझावांचा निकाल ज्यांनी लिहिला होता त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. बाबा, दोन्ही निकाल एकापाठोपाठ वाचले तेव्हा माझा संताप झाला. आधी वंश मोजला, आणि मोजणी गैरसोयीची ठरताच मापच बदललं! त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांतल्या वैष्णोदास बगाई यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली. भारतीयांसाठी ती वाट 1946 मध्ये मोकळी झाली.

हे जुनं झालं म्हणावं, तर 2013 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या घटनात्मक न्यायालयाने 1929 पर्यंत मागे जाऊन, तिथेच जन्मलेल्या हैतीवंशीय लोकांचं नागरिकत्व अमान्य केलं. म्यानमारच्या 1982 च्या कायद्याने रोहिंग्यांना असंच बाहेर ठेवलं. 2017 मध्ये त्यांच्यावर हल्ले झाले आणि सात लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली, तेव्हा 'हे आमचे नागरिकच नाहीत' हे म्हणायला आधीच करून ठेवलेला कायदा हाताशी होता. जन्मभर नियम पाळून काय उपयोग, जर नियमच उद्या तुम्हाला परकं ठरवणार असेल?

आई, तुझा प्रश्न वेगळा होता. तू म्हणालीस, आजूबाजूची माणसं चांगली असली की कागदावाचून काय अडतं? माणसं चांगली आहेत गं, जीव लावतात. पण शेजाऱ्याच्या चांगुलपणावर मला हक्क सांगता येत नाही. तो उद्या घर बदलून गेला, किंवा सरकार बदललं, तर मी कशाच्या आधारावर उभी राहू? आणि कागद मिळाला की सगळं मिळतं, असंही नाही. अनेक देशांत संशोधकांनी नोकरीचे अगदी सारखे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले आहेत. परक्या वाटणाऱ्या नावाला बोलावणी कमी येतात. तिथेच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या मुलांनाही हे भोगावं लागतं. मला कागदही हवा आणि आपलेपणाही. एक देऊन दुसरं टाळणं मला पटत नाही.

टी. एच. मार्शल या समाजशास्त्रज्ञाने 1949 मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत लोकांना हक्क कसे मिळत गेले याचा इंग्लंडपुरता क्रम मांडला होता: आधी व्यक्तिस्वातंत्र्य, न्याय असे नागरी हक्क, मग मताचा हक्क, शेवटी शिक्षण, आरोग्य यांसारखे सामाजिक हक्क. स्थलांतरितांच्या बाबतीत अनेक देशांत हे उलटं झालेलं दिसतं. कामगाराला विमा मिळतो, त्याच्या मुलांना शाळा मिळते, त्याच्या पगारातून कर कापला जातो. मत मात्र मिळत नाही. शहराची शाळा बंद करायची की नाही हे ठरतं, तेव्हा त्याच शाळेतल्या मुलाच्या बापाला विचारत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

पण हे बदलता येतं. न्यूझीलंडमध्ये 1975 पासून कायम वास्तव्य असलेल्या बिगर-नागरिकांनाही राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येतं. स्वीडनने 1976 पासून परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मतदान करू दिलं. दोन्ही देशांनी हे स्वतःहून केलं, आणि ते आपल्याच घरात परके झाले नाहीत. जर्मनीत हक्काने नागरिकत्व मागायला पूर्वी पंधरा वर्षं राहावं लागे, मग आठ झाली, आता पाच आहेत. म्हणजे हा आकडा माणसंच बसून ठरवतात. माझ्या मते पाच वर्षं रास्त आहेत, आणि तिथे वाढलेल्या मुलाला तर वाटच पाहायला लावू नये. बाबा, तुम्ही किती म्हणाल? आणि तोच आकडा आपल्या देशात येऊन राहिलेल्यांनाही लावाल का? उत्तर लिहूनच पाठवा.

तुमची,
धाकटी