आवाहन : वृद्धाश्रमातल्या प्रत्येकाला स्वतःचं कुलपाचं कपाट हवं

सप्रेम नमस्कार.

मृग लागायच्या आत काम पुरं व्हायला हवं, म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे. शिमग्याला आलेली मुंबईकर मंडळी परत गेली, भेटायचं राहून गेलं, त्यांनीही हेच निमंत्रण समजावं.

आपल्या आश्रमाची जांभ्याची इमारत कशी उभी राहिली हे सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगावंसं वाटतं. जागा दिली ती खालच्या वाडीतल्या गुरुजींच्या घराने, एक पैसा न घेता. चिरे खाणमालकांनी निम्म्या भावात दिले आणि स्वतःच्या ट्रकने आणून टाकले. विहिरीवर पंप बसवला तो बाजारपेठेतल्या किराणावाल्या शेठनी, आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च वाचवून. महिला मंडळाने तीन वर्षं पापड-कुरडया विकून स्वयंपाकघराची फरशी केली, आणि उन्हातान्हात फिरून एकेका घरून शंभर-शंभर रुपये जमवणाऱ्या निवृत्त बाईंना तर आम्ही कधीच विसरणार नाही. त्या आज नाहीत. त्यांनी लावलेला सोनचाफा दारात फुलतो आहे.

आता जे सांगायचं ते. खोली क्रमांक 4 मधल्या आजी साडीच्या पदराला एक किल्ली बांधून असतात. ती त्यांच्या जुन्या घराच्या पेटीची आहे, पेटी कधीच मोडीत गेली. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, “भाऊ, माझं पासबुक हापिसात का? मला माझ्याकडे ठेवता येईल का?” श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याचे ₹1,500 त्यांच्या नावावर येतात. पैसे त्यांचे, पासबुक त्यांचं, आणि बघायचं झालं तर मला विचारावं लागतं. दोघींत मिळून एक उघडी फळी, तिच्यावर औषधं, कपडे, नातवाचा फोटो. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलांकडून निर्वाहखर्च मागायला प्रांतांकडे अर्ज करता येतो, 2007 चा कायदा आहे, हे आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आजवर एकानेही सही केलेली नाही. पोराची बदनामी नको म्हणतात. मग जे थोडं उरलं आहे ते तरी त्यांच्या हाती असू दे.

तीच गोष्ट न्हाणीघराची. आत धरायला दांडा नाही, म्हणून चांगली चालती माणसंही अंघोळीला दुसऱ्याचा हात धरून जातात, आणि कोणी मोकळं नसलं तर थांबून राहतात. खोली 7 मधले आजोबा अजून स्वतःचा चहा स्वतः करतात. 75 पूर्ण झाल्यापासून एसटी फुकट, त्यामुळे दर बुधवारी बाजाराला जाऊन स्वतःच्या पसंतीची सुकी मासळी आणतात. तेच आजोबा गेल्या पावसात न्हाणीत घसरले आणि दीड महिना खाटेवर होते. दांडा असता तर पडले नसते.

जेवण देणाऱ्यांनी राग मानू नये. तुमच्यामुळेच सणावाराला पानात गोड असतं. पण पितृपक्षात ओळीने आठ दिवस खीर येते, निम्म्यांना साखरेचा आजार, आणि चादरी तर माळ्यावर मावत नाहीत. मागच्या दिवाळीला आम्ही याच कपाटांसाठी 200 पत्रं टाकली होती. 11 उत्तरं आली. एक ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, मात्र अंगणात गाड्या लावायला जागा नव्हती. फोटोसाठी आजी-आजोबांना तासभर उन्हात बसवलं गेलं. मनाला लागलं ते लिहिलं. यापुढे ज्यांचा फोटो काढायचा त्यांना आधी विचारावं, ही विनंती.

खर्च असा : कुलपाची लोखंडी कपाटं 31, प्रत्येकी ₹6,500. न्हाणीघरं-संडास 7, दांडे व कमोड धरून प्रत्येकी ₹9,000. खाटांमधले पडदे 31, प्रत्येकी ₹1,500. एकूण ₹3,11,000, जमा ₹84,000, कमी ₹2,27,000. एका कपाटाचे दिलेत तरी एका माणसाचं काम होतं. कपाटावर देणाऱ्याचं नाव घालणार नाही, वापरणाऱ्याचं घालू. देणगीदारांची नावं नेहमीप्रमाणे कार्यालयातल्या फलकावर लागतील. ₹2,000 च्या वर रोख दिल्यास आयकरात सवलत मिळत नाही, तेव्हा धनादेश किंवा खात्यावर भरणा करावा. खाते क्रमांक कार्यालयात मिळेल, सकाळी 10 ते 1, रविवार सोडून. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. पैसे जमत नसतील त्यांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी. बँकेत आणि हयातीच्या दाखल्याला बरोबर जायला माणूस लागतो. सुतार व प्लंबर 15 मे ला येणार आहेत, आगाऊ रक्कम त्याआधी द्यायची आहे.

आपला,
चिटणीस