दोन सूत म्हणजे सहा एमएम नव्हे

उद्यमनगरातल्या टर्नर मामांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि माझं तुम्ही विचारलं नाहीत. भर दुपारी पिशवीत राउटर, म्हणजे लाकडात खाच मारायचं मशीन, घेऊन तुमच्या दारात उभा राहिला होता, तो मी. लेथ बंद करून तुम्ही पहिलं विचारलंत ते "बोटं हायत न्हवं सगळी?"

देव्हाऱ्याच्या सागवानी फळीत मागची प्लाय बसवायला खाच मारत होतो. सुरुवातीला खोली 6 एमएम, शेवटाला 9. फळीची किंमत लिहीत नाही, आई वाचेल. हात हलला असेल म्हणून दुसरी फळी घेतली, तीच गत. बीट, म्हणजे राउटरचं फिरणारं पातं, धरणारा नट पाना लावून मरेस्तोवर आवळला. दुकानदार म्हणाला, बीट बोगस आहे, दुसरं घ्या. घेतलं. तेही सरकलं.

तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत. बीट उजेडात धरलंत आणि दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंत. नख एका जागी अडकलं, तिथं काळपट कडं उमटलं होतं. "हे आतल्या आत फिरलंय." मग मापाचा व्हर्नियर लावलात. बीटचा दांडा 6.00 एमएम, आणि कोलेट, म्हणजे नटाखालची दांडा पकडणारी चिरांची नळी, पाव इंची, म्हणजे दोन सूत, 6.35 एमएम. आम्ही दोन सूत आणि सहा एमएम एकच धरून चालतो. मिनिटाला 30,000 फेरे मारणारं मशीन तसं धरत नाही. पकड सुटून बीट जरा जरा खाली उतरत होतं आणि मी लाकडाला दोष देत होतो.

कोलेटच्या चिरांत सागवानाचा भुसा घट्ट बसला होता, तो तुम्ही रॉकेल आणि जुन्या ब्रशनं काढलात. "थोडं तेल सोडू का आत?" असं मी विचारलं तेव्हाची तुमची नजर अजून आठवते. कोरडं पुसूनच ठेवतो आता. बीट तळाला टेकवून आवळायचं नाही, टेकवून दोनेक एमएम वर घ्यायचं, हेही पाळतो. नट आवळताना कोलेट बीटला घेऊन मशीनच्या आत सरकतं, टेकलेल्या बीटला जायला जागाच नसते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. फळ्या कापून देतात सगळे, कारण कोण सांगतं?

पैसे विचारले तर "च्या पाज" म्हणालात आणि चहाचेही तुम्हीच दिलेत. हे काय बरोबर नाही मामा.

सहा एमएमचं कोलेट आणलं. खोल गेलेल्या खाचेच्या तळाशी सागवानाची पाचर घासून चिकटवली आणि खाच पुन्हा मारली. या टोकाला सहा, त्या टोकालाही सहा. अंबाबाईचा फोटो आत बसलाय.

जुनं पाव इंची कोलेट टाकलेलं नाही. बारीक दांड्यावर एवढं आवळून त्याचं तोंड बिघडलं असेल का, ते तुमच्या नखाखालून जाऊ दे एकदा. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन येतो. चहाचे पैसे मी देणार.

तुमचा,
राउटरवाला पोरगा