उभ्या गाडीची १२ व्होल्ट बॅटरी वारंवार उतरण्याबाबत तक्रार

वडगाव, बेळगाव
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीची (नोंदणी केए-२२) १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत दोनदा पूर्ण उतरणे आणि वॉरंटी नाकारली जाणे.

महोदय,

आधी आईचं सांगतो, कारण हे पत्र तिच्यामुळे लिहितोय.

जुलैत रोपलावणीसाठी मी खानापूर तालुक्यात, जांबोटीजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. १७ तारखेला गाडी शेडमध्ये लावली. पावसामुळे नऊ दिवस ती तिथून हलली नाही. २६ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमाराला आईला दम लागला, अंगाला दरदरून घाम सुटला. तिचं वय ८१. मी किल्लीचं बटण दाबलं, गाडीने दाद दिली नाही. किल्लीतली लपलेली लोखंडी चावी काढून दार उघडलं, तर आत सगळा अंधार. स्क्रीन नाही, साधा दिवासुद्धा नाही. चार्जिंगची गन गाडीत अडकलेली, तीही निघेना. शेवटी भर पावसात शेजारच्या अण्णांच्या दाराशी धावलो. त्यांनी दूधगाडीतले कॅन उतरवून आईला आडवी केली आणि सव्वा तासाने आम्ही बेळगावच्या दवाखान्यात पोहोचलो. आई आता घरी आहे, औषधं चालू आहेत. पण अण्णा दूध घालायला आधीच निघून गेले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून माझी झोप मोडतो.

त्या वेळी गाडी चालवणारी मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली होती. ४० युनिटच्या बॅटरीत जवळजवळ ३२ युनिट वीज शिल्लक होती. त्या विजेवर गावाहून बेळगावला कितीतरी खेपा झाल्या असत्या. बंद पडली होती ती बॉनेटखालची १२ व्होल्टची, ४५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट ४५ तास देणारी) लहान बॅटरी, आणि तिच्यामुळे सगळी गाडी.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. एप्रिलमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही बारा दिवस पुण्याला होतो. परत आलो तर गाडी अशीच निपचित पडलेली. तेव्हा तुमच्या सर्व्हिस सेंटरने बॅटरी बाहेर काढून चार्ज केली आणि सल्लागारांनी मला सांगितलं, "गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर चार्जरला लावून ठेवा." मी त्यांचं ऐकलं. जुलैत गावी पूर्ण नऊ दिवस गाडी चार्जरला लावलेली होती, ८० टक्क्यांची मर्यादा घालून. तरीही लहान बॅटरी उतरली. म्हणजे तो सल्लाच चुकीचा होता. आता तुमच्या ई-मेलमध्ये लिहिलंय की "ग्राहकाने गाडी दीर्घकाळ वापराविना ठेवल्याने बॅटरी खराब झाली, म्हणून वॉरंटी लागू नाही". नव्या बॅटरीचे ६,८५० रुपये माझ्याकडून घेतले.

नऊ दिवसांना दीर्घकाळ म्हणणं मला मान्य नाही.

उद्यमबागेत माझं लेथचं लहान वर्कशॉप आहे. मोटारी, स्टार्टर, पॅनेल यांच्यात २७ वर्षं गेली, म्हणून गाडीत काय होतंय ते मला समजून घेता आलं. आमच्याकडे ५० एचपीची मोटार असली तरी स्टार्टरमधल्या काँटॅक्टरच्या (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला कंट्रोल सप्लाय मिळाला नाही तर ती फिरत नाही, मागे कितीही वीज असो. इलेक्ट्रिक गाडीचं तसंच आहे. मोठ्या बॅटरीची काही शे व्होल्टची वीज सुरक्षेसाठी काँटॅक्टरमागे बंद असते. ते काँटॅक्टर ओढायला, म्हणजे जोडायला १२ व्होल्ट लागतात, आणि ते लहान बॅटरी देते. पेट्रोल गाडीसारखा इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर इथे नाही. मोठ्या बॅटरीची वीज डीसी-डीसी कन्व्हर्टर साधारण १४ व्होल्टवर उतरवतो आणि लहान बॅटरी भरतो. गाडी चालू असताना आणि चार्जिंग सुरू असताना हे काम बिनबोभाट होतं. पण चार्जिंग ठरवलेल्या टक्क्यावर थांबलं की काँटॅक्टर उघडतात, म्हणजे मोठ्या बॅटरीची जोडणी तुटते, कन्व्हर्टरही थांबतो. त्यानंतर गन लावलेली असली काय नि नसली काय, लॉक, अलार्म आणि मोबाइलशी बोलणारा मोडेम हे सगळं लहान बॅटरी एकटी ओढत राहते.

म्हणूनच काही इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असताना ठरावीक वेळाने स्वतः जाग्या होतात, लहान बॅटरीचा व्होल्टेज बघतात, कमी असेल तर काँटॅक्टर ओढून थोडा वेळ कन्व्हर्टर चालवतात आणि पुन्हा झोपतात. लहान बॅटरी रिकामी असली तरी ती पूर्ण भरायला जेमतेम अर्धा-पाऊण युनिट वीज लागते. शेजारी ३२ युनिट पडून असताना तुमच्या गाडीने तेवढी का घेतली नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे. गाडी विकताना "लहान बॅटरी आपोआप चार्ज होते" असं मला शोरूममध्ये सांगितलं होतं. उभ्या गाडीत ती होत नाही, हे कोणीच सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. उभी गाडी नीट झोपली तर ५० मिलीअँपिअरच्या आत करंट ओढायला हवी. त्या हिशेबाने ४५ अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर सहज तग धरते. नऊ दिवसांत, म्हणजे २१६ तासांत ती रिकामी झाली याचा अर्थ सरासरी २०० मिलीअँपिअर सतत जात होते. नवी बॅटरी बसवल्यावर मी स्वतः करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावून दोन रात्री बघितलं. बॉनेट उघडं राहिलं तर गाडी झोपत नाही, म्हणून बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केली आणि किल्ली घरात लांब ठेवली. वडगावात लॉक केल्यावर वीसेक मिनिटांत करंट ३० मिलीअँपिअरवर आला आणि तिथेच राहिला. गावी मात्र, जिथे मोबाइलला एखादी कांडी रेंज येते, तिथे गाडी रात्रभर पुन्हा पुन्हा जागी होत होती आणि दर वेळी काही मिनिटं चार-पाच अँपिअर ओढत होती. मीटरचे फोटो वेळेसह सोबत जोडले आहेत. रेंज शोधत बसणारा मोडेम गाडीला झोपू देत नसावा, असं मला दिसतंय. तुमच्या इंजिनिअरांनी गाडीच्या मेमरीतली नोंद काढून तपासावं. सर्व्हिस सेंटरमध्ये मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी फोटो बघितलेसुद्धा नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

२६ तारखेला सकाळी नऊ वाजता माझ्या भावाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल टाकून गाडी जागी केली. तेव्हा लहान बॅटरीत ८.९ व्होल्ट होते. केबल लागली, आतून काँटॅक्टरचा 'टक्' असा आवाज आला, स्क्रीन उजळली आणि मीटरवर १४.२ व्होल्ट दिसू लागले. गावातला मेकॅनिक पोरगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "काका, घरात धान्य भरपूर हाय, पण कुलूप उघडणाराच झोपलाय की ओ." लेड-ॲसिड बॅटरी अशी १०.५ व्होल्टच्या खाली गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिचा जीव कमी होतो. एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये पुन्हा तिचं हे झालं. ती माझ्या निष्काळजीपणाने खराब झाली असं लिहिणं अन्यायाचं आहे.

त्या पहाटे तुमच्या हेल्पलाइनलाही फोन केला होता. हुबळीहून गाडी निघेल, चार तास लागतील, असं उत्तर मिळालं. फोनवरच्या ताईंचा त्यात काही दोष नाही, त्या मनापासून मदत करायला बघत होत्या. पण गन मोकळी करणारी आतली दोरी कुठे असते आणि केबल कुठल्या टोकाला लावायची हे त्यांना माहीत नव्हतं. ते सगळं २८० पानी इंग्रजी पुस्तकात कुठेतरी होतं. मला कन्नड येतं, कामापुरतं इंग्रजीही येतं. माझ्या भावाला दोन्ही येत नाहीत, आणि अडचणीच्या वेळी गाडीजवळ तोच असतो. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. आमच्या गल्लीतली सैन्यातली मुलं सुट्टी संपली की गाडी घरी ठेवून महिनोन्‌महिने बाहेर असतात, मागे म्हातारे आईवडील. त्यांच्यापैकी दोघांनी मला विचारलंय, ही गाडी घ्यावी का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझं मागणं असं आहे. नव्या बॅटरीचे ६,८५० रुपये परत मिळावेत. गाडी उभी असताना लहान बॅटरी मोठीतून भरून घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करावी, आणि तिचा व्होल्टेज घसरू लागला की मालकाच्या मोबाइलवर आधीच सूचना यावी. रेंज नसलेल्या ठिकाणी मोडेमने किती वेळा जागं व्हायचं यावर मर्यादा घालावी. गाडी बंद पडल्यास लोखंडी चावी, बॉनेट, गन आणि केबल यांचं काय करायचं हे सांगणारा एकच कागद कन्नड आणि मराठीत छापून बेळगाव भागातल्या प्रत्येक मालकाला द्यावा. आणि सॉफ्टवेअर येईपर्यंत गाडी किती दिवस निर्धास्त उभी ठेवता येईल, हे मला लेखी कळवावं.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गावी जाणार आहे. आई तिथेच राहायचं म्हणते. तोवर निदान सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरांनी फोन करून गाडी तपासायला वेळ द्यावा, ही विनंती.

आपला,
(सही)
वडगाव, बेळगाव

सोबत : खरेदीची पावती, बॅटरीची पावती, एप्रिलचा जॉबकार्ड, वॉरंटी नाकारल्याचा ई-मेल, मीटरचे १४ फोटो.