‘सुरक्षित स्थळी’ म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला आपत्तीच्या तयारीवरचा लेख वाचला. बॅटरी, औषधे, कागदपत्रे, सगळे नीट सांगितले आहे, त्याबद्दल आभार. पण पाळीव प्राण्यांसाठी अख्ख्या लेखात एकच वाक्य : ‘त्यांना सुरक्षित स्थळी हलवावे.’ कुठे, कसे आणि तिथे त्यांना आत कोण घेणार?

भूकंपाच्या धक्क्यांनंतर आमची इमारत रिकामी करायला लावली, तेव्हा शेजारच्या काकू राजाला ओढणी बांधून निवाऱ्यापर्यंत घेऊन आल्या होत्या. दारावरचा माणूस म्हणाला, ‘इथं माणसांना जागा नाही, कुत्रं कुठं आणलंत?’ काकू एक शब्दही न बोलता मागे फिरल्या. भिंतींना भेगा गेलेल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या राजाला घेऊन रात्रभर बसल्या. मध्यरात्री पुन्हा जमीन हलली. आम्ही खाली मैदानात उभे राहून त्यांच्या खिडकीकडे बघत होतो. त्या दारावर एक कोपरा, चार दोऱ्या आणि पाण्याची एक बादली ठेवायला काय लागले असते? आजही आठवले की संताप होतो.

‘आधी माणसे, मग जनावरे’ म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की जनावर मागे राहिले की माणूसही मागे राहतो. २००५ मध्ये कतरिना वादळात अमेरिकेत कितीतरी लोकांनी केवळ कुत्र्या-मांजरांपायी घर सोडले नाही. २००६ मध्ये तिथे कायदाच झाला, की आपत्ती योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार हवा. २०११ मध्ये जपानमध्ये अणुभट्टीच्या अपघातानंतर घर सोडावे लागलेल्या फुकुशिमाच्या लोकांना वाटले, दोन-चार दिवसांत परत येऊ. मागे बांधून ठेवलेली कितीतरी जनावरे उपाशी मेली. पुढे जपान सरकारने मालकांना सांगितले, बाहेर पडताना प्राण्याला सोबत घ्या.

तुमच्या लेखकांनी निदान एवढे तरी लिहायला हवे होते : जमीन हलत असताना मांजराला धरायला धावू नका, ते ओरबाडेल आणि निसटेल, आधी स्वतःचे डोके वाचवा. धक्का बसला की मांजर पलंगाखाली, अगदी भिंतीला चिकटून बसते. पिंजरा एरवी माळ्यावर आणि फक्त डॉक्टरकडे नेताना खाली येत असेल, तर त्या वेळी ते त्यात पाऊल ठेवणार नाही. तो रोज घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर टाका, तिथेच खाऊ घाला. लसीकरणाचा कागद, रोजची औषधे, आठवडाभराचे खाणे-पाणी, पट्टा आणि तुमच्यासोबतचा प्राण्याचा फोटो पिशवीत हवा. हरवला तर तो तुमचाच आहे हे त्या फोटोवरून दाखवता येते. तुम्ही बाहेर असताना त्याला कोण काढणार, हे शेजाऱ्याशी आधीच ठरवा. पूर येत असेल तर साखळीला बांधून कधीही जाऊ नका. फुटलेल्या काचांनी पंजे कापतात, तेही पाहा.

आणखी एक. लेखासोबतचा तक्ता पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापला आहे. चष्मा लावूनही वाचता येत नाही, मग वीज गेल्यावर कोण वाचणार? तो काळ्या ठळक अक्षरांत पुन्हा छापावा, आणि त्यात प्राण्यांसाठी वेगळा रकाना असावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक